गच्ची-अंगणासाठी लाकडी खुर्ची स्वतः बनवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गच्चीवर, गॅलरीत, बंगल्याच्या पडवीत किंवा शेतघराच्या अंगणात ठेवायची खुर्ची स्वतः बनवू पाहणाऱ्या पुणेकरांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. घाईत असाल तर बाकीचं सोडा, पण स्क्रूचं आणि पायांचं उत्तर वाचल्याशिवाय लाकडाला करवत लावू नका.

पुण्यात बाहेर ठेवलेली लाकडी खुर्ची टिकते का? सगळे म्हणतात, प्लास्टिकची घ्या.

टिकते. पुणे शहरात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. नीट बनवलेल्या खुर्चीला हा पाऊस काही जड नाही. लाकूड भिजल्याने कुजत नाही, ते ओलं राहिल्याने कुजतं. भिजलं आणि दोन तासांत वाळलं तर बुरशीला तिथे काही करता येत नाही. म्हणून खालच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येईल: या जागी पाणी थांबतं का?

मुळशी किंवा लोणावळ्याच्या बाजूला घर असेल तर मात्र हिशोब वेगळा. लोणावळ्यात पाऊस चार हजार मिलिमीटरच्या घरात जातो आणि चार महिने हवा कोरडी होतच नाही. तिथे सागाखेरीज दुसरा विचार करू नका, आणि पावसाळ्यात खुर्ची छपराखाली घ्या.

मग लाकूड कोणतं? साग परवडत नाही.

साग पहिला, यात वाद नाही. त्याच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे पाणी, बुरशी आणि वाळवी तिघांनाही तो दाद देत नाही. पण ‘सागवान’ एवढ्या एका नावाखाली वखारीत बरंच काही विकलं जातं. बर्मा, बल्लारशा, सीपी (म्हणजे जुन्या मध्य प्रांतातला), शिवाय आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतून येणारा लागवडीचा साग. लागवडीची झाडं कमी वयात तोडतात, त्यात गाभा कमी आणि सालीलगतचं पांढरट लाकूड जास्त. हे पांढरं लाकूड सागाचं असलं तरी सागासारखं वागत नाही. ते कुजतं आणि त्याला किडाही लागतो. पैसे सागाचे मोजताय तर फळीची दोन्ही अंगं आणि कडा बघून घ्या. पिवळसर पांढरा पट्टा दिसला तर ती फळी बाजूला ठेवायला सांगा. वखारवाला तोंड वाकडं करेल, करू दे.

परवडत नसेल तर बाभूळ. बैलगाडीची चाकं ज्या लाकडाची करायचे त्याला अंगणातली खुर्ची काय भारी आहे? कठीण आहे, जड आहे, रंधा मारताना घाम काढतं. चिरायला मशीनवरच द्या.

पाइन स्वस्त, हलकं, नवशिक्याच्या हाताला सोसणारं. उघड्यावर मात्र त्याला स्वतःचं संरक्षण काही नाही. छप्पर असलेल्या गॅलरीत चालेल, किंवा कारखान्यात दाबाखाली औषध भरलेलं मिळालं तर बाहेरही चालेल. आंब्याचं लाकूड बाहेर नको. निलगिरी पीळ खाते. एमडीएफचं (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं) नावही काढू नका, पहिल्याच पावसात ते फुगून फुटतं.

लाकूड आणायचं कुठून, आणि वखारीत गेल्यावर काय बोलायचं?

पुण्यात लाकूड म्हटलं की भवानी पेठेतलं टिंबर मार्केट. उपनगरांतही वखारी आहेत, पण निवड तिथे कमी. जाताना मापांची यादी कागदावर लिहून न्या. यादी हातात असली की समोरचा माणूस तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलतो.

भाव घनफुटावर असतो. हिशोब सोपा आहे: जाडी इंचात, रुंदी इंचात, लांबी फुटांत, तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागा. दीड इंच जाड, अडीच इंच रुंद, आठ फूट लांब पट्टी म्हणजे ३० भागिले १४४, साधारण ०.२१ घनफूट. हा हिशोब तिथेच मोबाइलवर करून बघा.

दुसरं म्हणजे सांगितलेलं माप हे चिराईचं असतं. रंधा मारल्यावर त्यातून दोन सूत सहज जातात (आठ सूत म्हणजे एक इंच). दीड इंच मागितलं तर हातात सव्वा इंच येईल असं धरूनच नकाशा काढा. आणि रंधा तिथेच मशीनवर मारून घ्या. थोडे पैसे जातात, पण चारही बाजू सरळ आणि काटकोनात मिळतात. हाती फक्त हातरंधा असलेल्या माणसाचा याने आठवडा वाचतो.

एका खुर्चीला लाकूड किती लागतं?

हातांची, पट्ट्यांची, साधी सरळ खुर्ची धरू. पुढचे पाय दोन, २३ इंच. मागचे पाय दोन, तेवढेच. बैठकीखालच्या बाजूच्या पट्ट्या दोन, २२ इंच. पाठीचे उभे दोन, २७ इंच. आडव्या जोडपट्ट्या तीन, २१ इंच. हे सगळं दीड बाय अडीचमधून. बैठकीला सहा पट्ट्या २२ इंचांच्या आणि पाठीला सहा २१ इंचांच्या, एक बाय तीनमधून. हात दोन, २४ इंच, एक बाय चारमधून. बेरीज केली तर १.१ घनफूट होते. गाठी, चिरा आणि चुकीच्या कापांसाठी पाचवा हिस्सा वर धरा. खुर्चीमागे दीड घनफूट सांगितलंत तर पुन्हा वखारीत जावं लागणार नाही.

दोन खुर्च्या एकदम करा. एक खुर्ची करायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ लागत नाही, कारण सगळी मापं आणि सगळे काप एकदाच लावायचे असतात.

जुन्या वाड्याचं लाकूड वापरलं तर?

मिळालं तर सोडू नका. पेठांमधले वाडे पडतात तेव्हा तुळया, खांब, दारांच्या चौकटी जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे जातात. या सागाची वाढ सावकाश झालेली, वर्तुळं दाट, आणि वाळायला त्याला काही पिढ्या मिळालेल्या. वाळताना जे काही आकसायचं-वाकायचं ते होऊन गेलेलं असतं. आज नवीन लाकडात ही प्रत मिळणं अवघड आहे.

पण तीन गोष्टी बघा. खिळे आधी शोधा: एखादं जोरदार लोहचुंबक लाकडावरून फिरवा, आणि तुटलेली टोकंसुद्धा उपसून काढा. मशीनच्या पात्याखाली खिळा आला तर पातं जातं, आणि तुकडा कुठे उडेल ते सांगता येत नाही. म्हणूनच काही सॉ मिलवाले जुनं लाकूड चिरायलाच घेत नाहीत, आधी विचारून मग टेम्पो करा. दुसरं, जुना ऑइलपेंट. त्यात शिसं असू शकतं. तो कोरडा घासून धूळ उडवू नका, रंग काढायचा लेप लावून खरवडा किंवा चिराईत तो थरच काढून टाका. तिसरं, तुळईचं भिंतीत गेलेलं टोक. शंभर वर्षांचा ओलावा तिथेच मुरलेला असतो. टोचा खुपसून बघा, आत गेला तर तेवढा भाग कापून फेका.

चाकण-भोसरीच्या कारखान्यांतून पॅलेट स्वस्तात मिळतात. त्यांच्या खुर्च्या होतात का?

होतात, आणि सराव करून हात बसवायला त्याहून चांगला माल नाही. परदेशातून आलेल्या पॅलेटवर आयएसपीएम १५ चा शिक्का असतो, गव्हाच्या ओंबीचं चित्र आणि शेजारी अक्षरं. ‘एचटी’ असेल तर लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं आहे, ते घ्या. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड हा विषारी वायू दिलेला, ते लाकूड घरात आणू नका. शिक्काच नसेल किंवा लाकडावर तेलाचे, रसायनांचे डाग असतील तरी नको. त्या पॅलेटवरून काय वाहून नेलं हे कुणालाच माहीत नसतं.

पॅलेटचे खिळे पीळदार असतात, ओढून निघत नाहीत. फळ्यांच्या सांध्यात पातं घालून खिळे कापणं सोपं पडतं.

सोसायटीत पावसात झाड पडलं. त्याचं लाकूड वापरू का?

आधी झाड खरंच पडलेलं असू द्या. उभं झाड किंवा त्याच्या फांद्या तोडायला १९७५ च्या महाराष्ट्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. पडलेल्या झाडाचंही सोसायटीच्या समितीशी आणि महापालिकेच्या उद्यान विभागाशी बोलून ठरवा.

लाकूड म्हणून बोलायचं तर गुलमोहर कामाचा नाही. पर्जन्यवृक्षाचा गाभा सुंदर दिसतो, छपराखालच्या बाकाला चालेल. पण ओलं खोड आज चिरलं तर खुर्ची पुढच्या वर्षी. जाडीच्या दर इंचाला एक वर्ष, असा वाळवणीचा जुना अंदाज आहे. फळ्या सावलीत, एकीवर एक, मध्ये एकाच जाडीच्या काठ्या घालून रचा आणि टोकांना रंग किंवा मेण फासा, नाहीतर टोकं फाटतात.

विकत घेतलेलं लाकूड वाळलेलं आहे हे कसं ओळखायचं?

मॉइश्चर मीटर असेल तर बारा टक्क्यांच्या आसपास आकडा हवा. नसेल तर उचलून बघा, एकाच मापाच्या दोन पट्ट्यांत जी जड लागते ती बहुधा ओली असते. बोटाच्या पेराने ठोका: वाळलेलं लाकूड खणखणतं, ओलं बद्द वाजतं. घरी आणल्यावर दोन-तीन आठवडे काठ्यांवर रचून ठेवा आणि मगच कापा. या काळात ज्या पट्टीला वाकायचं आहे ती वाकून घेते, आणि तिचे छोटे तुकडे पाडून तुम्ही ती वापरू शकता.

कोणत्या महिन्यात सुरू करावं?

दिवाळीनंतर. लाकूड थंडीत घ्या, जोडकाम फेब्रुवारीपर्यंत, आणि तेल मार्च-एप्रिलमध्ये, हवा कोरडी असताना. मृग लागायच्या आत खुर्ची पूर्ण वाळलेली हवी. जुलैत सुरू केलंत तर फुगलेल्या लाकडावर मापं घ्याल आणि एप्रिलमध्ये जोड ढिले पडतील.

हत्यारं कोणती लागतील? सगळं विकत घ्यायचं का?

वखारीतून रंधून आणलं असेल तर फार काही नाही. बारीक दाताची करवत किंवा जिगसॉ, ड्रिल, गुण्या, मोजपट्टी, एक पाऊण इंची पटाशी, कानस, आणि शिकंजे (क्लॅम्प). शिकंजे चार तरी हवेत. तीनच असले की नेमका चौथा लागतो. गोल फिरणारा सँडर (घासायचं मशीन) मिळाला तर एक पूर्ण दिवस वाचतो. पॉलिश पेपर ८०, १२० आणि १८० नंबरचे. त्याहून बारीक नको, फार गुळगुळीत लाकडात तेल नीट मुरत नाही.

नवीन सामानासाठी रविवार पेठेतली बोहरी आळी. जुनी पटाशी किंवा लोखंडी रंधा हवा असेल तर जुन्या बाजारात चक्कर मारा. जुन्या पटाशीचं पोलाद अनेकदा नव्या स्वस्त पटाशीपेक्षा सरस निघतं, फक्त दांडा आणि धार तुमची.

डोळ्यांना चष्मा आणि नाकाला चांगला मास्क हवाच. लाकडाचा भुसा कर्करोगकारक पदार्थांच्या यादीत आहे, आणि सागाच्या भुशाने अनेकांच्या अंगाला खाज सुटते. गच्चीवर वायर नेत असाल तर अर्थिंग असलेला बोर्ड वापरा आणि ओल्या फरशीवर मशीन चालवू नका.

बैठक किती उंच, किती खोल? पाठ किती कललेली?

नेहमीची बसायची खुर्ची असेल तर बैठकीची पुढची कड १६ इंच, मागची एक-दीड इंचाने खाली. खोली १८ इंच. हात बैठकीपासून सात ते नऊ इंच वर. पाठ बैठकीशी काटकोनापेक्षा दहा-पंधरा अंश जास्त उघडी.

हे आकडे सरासरी माणसाचे आहेत. घरात सगळ्यांना बरी वाटणारी एखादी खुर्ची असतेच, तिची मापं घ्या आणि त्यावर जा. कागदावरच्या कोनांपेक्षा ते कधीही बरं.

आई-बाबांसाठी करायची आहे. वेगळं काय?

बैठक १७-१८ इंच, मागे उतार जवळजवळ नाही, खोली थोडी कमी. आणि हात पुढच्या पायाच्या थोडे पुढे येऊ द्या, टोकाला मूठ बसेल असे गोल करा. गुडघे दुखणारा माणूस पायांवर उठत नाही, हातांवर जोर देऊन उठतो. त्यामुळे हाताचा जोड हा या खुर्चीतला सगळ्यात मजबूत जोड हवा.

इंटरनेटवर दिसते ती तिरक्या बैठकीची, रुंद हातांची अमेरिकन खुर्ची कशी आहे?

ती अ‍ॅडिरॉन्डॅक. थॉमस ली नावाच्या गृहस्थाने १९०३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टपोर्ट गावी आपल्या कुटुंबासाठी ती रचली, आणि त्याचा ओळखीचा सुतार हॅरी बनेल याने १९०५ मध्ये तिचं पेटंट स्वतःच्या नावावर मिळवलं. बसायला फार आरामाची, हातावर चहाचा कप आणि बशीभर चिवडा मावतो. पण बैठक मागे खोल जाते, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना तिच्यातून उठता येत नाही, आणि पाऊस सगळा बैठक-पाठीच्या कोपऱ्यात जमतो. करणार असाल तर त्या कोपऱ्यात बोटभर फट सोडा. शिवाय ती जागा खाते, टू बीएचकेच्या गॅलरीत दोन ठेवल्या तर दार उघडायचं नाही.

जोड कसे करू? कुसू-खाच (एका पट्टीचं टोक दुसरीच्या खाचेत बसवणं) जमत नाही, नुसत्या स्क्रूवर चालेल का?

चालेल, पण स्क्रू कुठे काम करतो हे समजून घ्या. माणूस बसून मागे रेलतो तेव्हा बाजूची पट्टी आणि मागचा पाय यांच्या जोडावर फिरवणारा जोर येतो. तिथे दोन स्क्रू काही महिन्यांत भोक मोठं करतात आणि खुर्ची कुरकुरायला लागते. त्या जोडाला आरपार बोल्ट टाका, दोन, तिरके एकमेकांसमोर, वायसरसह. अर्धी जाडी खाचून पट्टी पायात बसवलीत तर आणखी चांगलं, कारण मग वजन लाकूड पेलतं, बोल्ट फक्त धरून ठेवतो. अशी अर्धी खाच करवत आणि पटाशीने कुणालाही एका दुपारी शिकता येते.

स्क्रू लाकडाच्या टोकात, म्हणजे रेषांच्या दिशेने आत घालू नका. तिथे तो धरत नाही. कुठेही घालताना आधी भोक पाडा, आठ नंबरच्या स्क्रूला सागात तीन मिलिमीटर. टोकाजवळ भोक न पाडता घातलेला स्क्रू पट्टी चिरतो.

ज्यांना कुसू-खाच जमते त्यांनी तीच करावी. बाकीच्यांनी पहिली जोडी बोल्टवर करावी, मनाला लावून घेऊ नये.

स्क्रू कोणते घ्यायचे?

३०४ ग्रेडचे स्टेनलेस स्टील. साधे काळे स्क्रू, जे मिस्त्री सगळीकडे वापरतात, ते घरातल्या प्लायसाठी आहेत. बाहेर ते गंजतात, फुगतात, लाकूड आतून फोडतात आणि साग-बाभळीवर काळे ओघळ सोडतात; ते घासून जात नाहीत. दुकानदार ‘साहेब, हा पण स्टीलसारखाच’ म्हणून चकचकीत पिवळा किंवा पांढरा मुलामा दिलेला स्क्रू पुढे करेल. मुलामा पिळताना खरवडला जातो आणि उरलेलं काम पाऊस करतो. एका खुर्चीचे स्टेनलेस स्क्रू महाग वाटले तरी लाकडाच्या किमतीपुढे ते काहीच नाहीत.

डोकं लाकडात बुडवून वर पुट्टी भरायची सवय असेल तर इथे भरू नका. पुट्टी सुटते, खड्डा उरतो, खड्ड्यात पाणी. डोकं पृष्ठभागाशी बरोबर ठेवा.

फेव्हिकॉल लावू का?

नेहमीचा पांढरा नको, पाणी लागलं की तो सुटतो. मरीन प्रकारचा, पाणी सोसणारा घ्या. नवीन सागाला डिंक लावण्याआधी जोडाची जागा थिनरने पुसा, त्याच्या तेलामुळे डिंक धरत नाही. आणि बैठकीच्या पट्ट्यांना डिंक लावूच नका, त्या नुसत्या स्क्रूवर ठेवा. कधीतरी एखादी बदलावी लागते.

पट्ट्यांमध्ये फट किती?

पाव इंच, म्हणजे दोन सूत. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलतं. एप्रिल ते जुलै यांत तीन इंची पट्टी मिलिमीटरभर रुंद होऊ शकते. फट त्यासाठी हवी, आणि मुख्य म्हणजे पाणी खाली पडावं म्हणून. अर्ध्या इंचावर गेलात तर मांडीला रुततं आणि लहान मुलांची बोटं अडकतात. पट्ट्यांच्या वरच्या कडा रंध्याने किंवा पेपरने गोल करून घ्या. तीक्ष्ण कडेवर तेल किंवा रंग टिकत नाही, झीज तिथूनच सुरू होते.

पायांकडे एवढं लक्ष का द्यायचं?

कारण बाहेरची खुर्ची बहुतेक वेळा खालून मरते. पायाचं टोक म्हणजे लाकडाच्या कापलेल्या नळ्या, फरशीवरचं पाणी त्या दिव्याच्या वातीसारखं वर ओढतात. वरून चार थर पॉलिश आणि खाली कोरं टोक, अशी खुर्ची पायापासून दोन इंच काळी पडते.

उपाय सोपा आहे. जोडण्याआधी पाय उलटे उभे करून टोकांना पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारी राळ) पाजा, पिणं थांबेपर्यंत. मग प्रत्येक पायाखाली नायलॉनची गुंडी किंवा जाड रबर स्टेनलेस स्क्रूने बसवा, म्हणजे लाकूड फरशीपासून पाच-सहा मिलिमीटर वर राहील. अंगणात माती किंवा हिरवळ असेल तर पायांखाली शहाबादी फरशीचे तुकडे ठेवा. मातीत टेकलेला पाय म्हणजे वाळवीला जिना.

हातांचंही तेच. हाताची पट्टी पायाच्या टोकावर बसते तिथे वरचं टोक झाकलं जातं, हे चांगलं. पण पाठीच्या उभ्यांची वरची टोकं उघडी राहतात. ती तिरकी कापा, पाणी ओघळून जाईल.

पॉलिश कोणतं?

लाखेचं पॉलिश नको, पाण्याने पांढरं पडतं. मेलामाइन घरातलं. उरतात दोन रस्ते: वरचा थर देणारं बाहेरचं पीयू (पॉलियुरेथेन) किंवा मुरणारं तेल.

पीयू पहिल्या वर्षी फार देखणं दिसतं. मग एखाद्या जोडाशी त्याला केसाएवढी चीर पडते, पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नसते. पापुद्रे सुटायला लागले की सगळं घासून पुन्हा करावं लागतं. तेलाचा थर नसतो, त्यामुळे सुटायला काही नाही. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, धुऊन-वाळवून, हलका पेपर मारून परत लावायचं. कामाला सुटीची एक सकाळ पुरते. माझं मत तेलाला.

तेल म्हणजे बाजारात मिळणारं बाहेरच्या लाकडासाठीचं, ऊन आणि बुरशी रोखणारे घटक असलेलं. नुसतं अळशीचं उकळलेलं तेल स्वस्त आहे, पण दमट हवेत त्यावर काळी बुरशी धरते. पहिला हात टर्पेंटाइन घालून पातळ, पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं सगळं पुसून काढा. पुसलं नाही तर चिकट राहतं आणि पुण्याची सगळी धूळ त्यावर बसते. दुसऱ्या दिवशी दुसरा हात, मग तिसरा.

एक गोष्ट गंभीरपणे घ्या: अळशीच्या तेलाने भिजलेली फडकी बोळा करून टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती दोरीवर सुटी पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा, मगच कचऱ्यात.

सागाची खुर्ची राखाडी पडली. खराब झाली का?

नाही. उन्हाने फक्त वरचा पापुद्रा रंग बदलतो, आतलं लाकूड जसंच्या तसं असतं. तो रंग आवडत असेल तर काहीच करू नका.

गावाकडे कुंपणाच्या खांबांना जळकं ऑइल लावतात. ते लावू का?

खुर्चीला अजिबात नको. कपड्यांना लागतं, वास जात नाही आणि वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये त्वचेला घातक द्रव्यं असतात.

पायाखाली पिठासारखी पूड पडते. वाळवी आहे?

बहुधा नाही. वाळवी मातीच्या नळ्या करते आणि पूड सांडत नाही. पीठ आणि टाचणीएवढी भोकं म्हणजे लाकडातला किडा, आणि तो बहुतेक पांढऱ्या लाकडातच असतो. भोकात इंजेक्शनच्या सुईने किडनाशक सोडा आणि मेणाने बंद करा. पट्टी पोखरलेली असेल तर बदला. डिंक न लावण्याचा फायदा इथे कळतो.

खुर्ची डगमगते. कोणता पाय कापू?

आधी कोणताच नाही. गच्चीच्या फरशीला पाणी जाण्यासाठी पन्हाळीकडे उतार दिलेला असतो, चायना चिप्सची (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांची) गच्ची तर कधीच सपाट नसते. खुर्ची घरात आणून सपाट फरशीवर किंवा मोठ्या टेबलावर ठेवून बघा. अर्ध्या वेळा डगमग तिथे नाहीशी होते. तरी डगमगली तर आखूड पायाखाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवून ती स्थिर करा, पेन्सिल एका ठोकळ्यावर आडवी धरून चारही पायांभोवती एकाच उंचीवर रेघ मारा, आणि सगळे त्या रेघेवर कापा. कापलेल्या टोकांना इपॉक्सी पुन्हा.

फ्लॅटमध्ये राहतो. हे सगळं करायचं कुठे?

जड काप वखारीत करून घेतलेत तर उरलेलं काम गॅलरीत होतं. घासणं आणि ड्रिल आवाजाचं काम आहे, ते सकाळी दहानंतर करा आणि दुपारी एक ते चार करू नका; कारण सांगायची गरज नसावी. सामाईक गच्ची वापरणार असाल तर समितीला आधी कळवा, आणि खुर्च्या तिथेच ठेवायच्या असतील तर लेखी. वरच्या मजल्यावर वाऱ्याचाही विचार करा. सागाची अशी खुर्ची पंधरा-सोळा किलो भरते, ती सहसा जागची हलत नाही. पाइनची वळवाच्या वादळात कठड्यापासून दूर ठेवा.

पावसाळ्यात प्लास्टिक कागदाने झाकून ठेवू?

घट्ट गुंडाळून तर नकोच. आत दमट हवा कोंडते आणि बुरशी धरते. वरून टाकायचा असेल तर खालून हवा खेळेल असा टाका, नाहीतर उघडीच बरी.

मिस्त्रीकडून करून घेतली तर?

घ्या की. फक्त चार गोष्टी आधीच ठरवा: लाकूड तुम्ही आणणार, स्क्रू-बोल्ट स्टेनलेस, पायांच्या टोकांना इपॉक्सी, वर लाखेचं पॉलिश नाही. चांगला मिस्त्री पट्ट्यांमधली फट बघून ‘हे उघडं कसं दिसेल?’ म्हणून वर सनमायका सुचवेल. नम्रपणे नकार द्या.

बाजारातल्यापेक्षा स्वस्त पडते का?

सागाची तयार खुर्ची घ्यायला गेलात तर तिच्यापेक्षा हो. प्लास्टिकच्या खुर्चीशी तुलना करत असाल तर कधीच नाही, आणि त्यात हत्यारं धरली तर हिशोब घरात दाखवू नका.

याच मापांवर दोघांचा बाक होईल का?

होईल, ४२ इंच रुंद करा. मात्र एक इंची पट्टी एवढ्या लांबीत दोघांच्या वजनाने वाकते, म्हणून बैठकीच्या मधोमध पुढून मागे जाणारी तिसरी पट्टी टाका. झोपाळ्यासाठी हीच मापं वापरू नका. कड्या आणि छताचे हूक यांचा भार हा वेगळा विषय आहे आणि तिथे आधी इमारतीच्या अभियंत्याला विचारायचं असतं.